लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना : कर्जत-खालापूरच्या कुटुंबांसाठी कामाच्या गोष्टी

निकाह दहा-पंधरा मिनिटांत होतो. खुतबा, कबूल, सह्या, दुआ, छुहारे, गळाभेट, की झालं. हॉल, जेवण, कपडे यांत काही कमी-जास्त झालं तर लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. फोटो मात्र राहतात. ते बिघडले तर परत काढता येत नाहीत आणि भलत्या हाती गेले तर परत घेता येत नाहीत. म्हणून फोटोग्राफर ठरवताना नुसता भाव विचारून भागत नाही.

फोटो काढावेत की नाही, यावर उलमांची मतं वेगवेगळी आहेत. आपल्या घरचा निर्णय आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. निकाह मशिदीत असेल तर इमामसाहेब आणि जमातीला आधी विचारा. काही ठिकाणी कॅमेरा चालतो, काही ठिकाणी नाही. लग्नाच्या दिवशी दारात वाद नको. हा लेख ज्यांनी फोटो काढायचं ठरवलंय त्यांच्यासाठी आहे.

तारीख आणि बुकिंग

आपल्याकडे मुहूर्त बघत नाहीत, याचा फायदा घ्या. तुळशीच्या लग्नानंतर पावसाळ्यापर्यंत कर्जत, नेरळ, खोपोली, चौक, मोहोपाडा इथले चांगले फोटोग्राफर मुहूर्ताच्या तारखांना आधीच भरलेले असतात. पंचांगात मुहूर्त नसलेला दिवस निवडला तर माणूस मिळतो आणि भाव करायलाही वाव राहतो. ईदनंतर शव्वालमध्ये आणि मे महिन्यात, आखातातली मंडळी सुट्टीवर आली की, आपली स्वतःचीच गर्दी असते. तेव्हा हॉल ठरला की त्याच आठवड्यात फोटोग्राफर ठरवून टाका.

मुंबई-कल्याणचा फोटोग्राफर घेत असाल तर रस्त्याचा विचार करा. शनिवार-रविवारी एक्स्प्रेसवेवर खालापूर टोलनाक्याला गाड्या अडकतात. निकाह असरनंतर असेल तर त्याला दुपारीच येऊन बसायला सांगा. रात्री उशिरा रुखसत असेल तर परतीची सोय कोण करणार, गाडीभाडं कोणाचं, हे आधीच बोलून घ्या.

नमुने कसे बघायचे

फोटोग्राफर त्याचे वीस उत्तम फोटो दाखवतो. ते सगळ्यांचेच चांगले असतात. एका लग्नाचे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो मागा. त्यात हे बघा:

• सेहऱ्याच्या फुलांवर फोकस बसून नवऱ्याचा चेहरा धूसर झालाय का?
• पांढऱ्या शेरवानीचं काम दिसतंय की नुसता पांढरा डाग दिसतो? काळ्या बुरख्यातल्या खालाजान-फुफूजान अंधारात गेल्यात का?
• हॉलच्या निळ्या-जांभळ्या लाइटमध्ये चेहऱ्यांचे रंग बरोबर आहेत का?
• दुआच्या वेळी काझीसाहेबांच्या तोंडावर फ्लॅश मारलाय का?

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. त्याने दुसऱ्या घरच्या बायकांचे फोटो तुम्हाला बेधडक उघडून दाखवले, तर उद्या तुमच्या घरचेही तो असेच दाखवणार. "त्या घरच्यांनी परवानगी दिली तेवढेच दाखवतो," असं म्हणणारा माणूस जास्त भरवशाचा.

बायकांच्या बाजूला कोण?

"लेडीज फोटोग्राफर देतो" म्हणतात आणि त्या दिवशी मुलगाच येतो, ही नेहमीची तक्रार आहे. त्या बाईंना आधी भेटा, त्यांनी काढलेले फोटो बघा आणि कागदावर त्यांचं नाव घाला. नवरीची इजाजत घ्यायला वकील आणि गवाह आत जातात, तो क्षण त्यांनाच टिपायचाय. तेव्हा कुठे उभं राहायचं, कोणाचा फोटो घ्यायचा नाही, हे घरातल्या एका जबाबदार बाईने त्यांना दाखवून द्यावं.

पुढचा प्रश्न बहुतेक लोक विचारत नाहीत: एडिटिंग कोण करतो? बरेच फोटोग्राफर हे काम बाहेर देतात. म्हणजे बाई फोटोग्राफर घेऊनही फोटो अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरवर जातात. बायकांच्या बाजूचं एडिटिंग त्याच बाईंनी करावं किंवा ते फोटो एडिटिंगशिवाय थेट आपल्याला द्यावेत, असं ठरवता येतं.

पाहुण्यांच्या मोबाईलचाही बंदोबस्त हवा. नाहीतर परदा पाळणारा फोटोग्राफर आणून उपयोग काय? दारावर साधा बोर्ड लावला तरी फरक पडतो.

सामान आणि पाऊस

कॅमेऱ्यात दोन कार्ड एकाच वेळी चालतात का, हे विचारा. एक कार्ड खराब झालं तर दुसऱ्यावर फोटो राहतात. जादा कॅमेरा आणि बॅटऱ्या आहेत का, तेही विचारा. आपल्या भागात जून ते सप्टेंबर पाऊस धो-धो पडतो, लाइट जाते. एसी गाडीतून दमट हवेत आणलेल्या लेन्सवर वाफ धरते. अनुभवी माणूस त्यासाठी आधीच येऊन कॅमेरा बाहेरच्या हवेत ठेवतो. फार्महाऊसवर लग्न असेल तर त्याला एकदा जागा दाखवा.

ड्रोन हवा असेल तर नियम बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. ते दाखवायला सांगा. त्या जागेवर उडवायला परवानगी लागते का, हे डिजिटल स्कायच्या नकाशावर कळतं. आणि ड्रोन शेजारच्या घरांवर, बायकांच्या मांडवावर फिरता कामा नये.

कागदावर काय असावं

एक पान पुरे. त्यात हे मुद्दे घाला:

• तारीख, वेळ, ठिकाण; मेहंदी, निकाह, वलीमा यांपैकी काय काय
• किती माणसं येणार आणि कोण
• अल्बमची पानं, व्हिडिओची लांबी, द्यायची तारीख
• मूळ फाइल मिळणार का; किती दिवस जपून ठेवणार आणि नंतर पुसणार का
• पैसे तीन टप्प्यांत: बुकिंगला, लग्नाच्या दिवशी, अल्बम हातात आल्यावर
• आमच्या लेखी परवानगीशिवाय एकही फोटो इन्स्टाग्राम, फेसबुक, दुकानाचा बोर्ड यांवर लावणार नाही

शेवटच्या मुद्द्याला कायद्याचा आधार आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याची असते. म्हणून फोटोग्राफरच्या छापील फॉर्मवर "हक्क आमच्याकडे राहतील" असं असेल तर ते खोडूनच सही करा.

पैसे घेऊन काम केलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथे नाही मिटलं तर अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण त्यासाठी पावती आणि तो कागद हवा. तोंडी बोलणं तिथे सिद्ध करणं अवघड जातं.

लग्न झाल्यावर

नवरा-नवरीचे दोन-चार साधे फोटो आठवड्यात मागून घ्या. ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विवाह नोंदणीला पत्रिकेबरोबर लग्नाचा फोटो मागतात. अल्बमची वाट बघत नोंदणी लांबवू नका. सगळ्या फाइल पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर घ्या, कारण व्हॉट्सअॅपवर फोटोचा दर्जा उतरतो. दोन कॉप्या दोन घरांत ठेवा, एक माहेरी आणि एक सासरी.

आणि खर्चाचं शेवटचं. निकाह सोपा करा, हे आपण जुम्याच्या बयानात नेहमी ऐकतो. कर्ज काढून क्रेन कॅमेरा आणि प्री-वेडिंग शूट करायची गरज नाही. दोन चांगली माणसं, एक बाहेर आणि एक आत, एवढ्यात लग्न छान टिपलं जातं. उरलेले पैसे मुला-मुलीच्या संसाराला लागू देत.