अहमदपूर : तालुक्याच्या गावालगतची वसाहत आणि तेथील जीवन

उपनगर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईची लोकल, उंच इमारती आणि गर्दी उभी राहते. परंतु महाराष्ट्रात उपनगरांचा आणखी एक प्रकार गेल्या तीन-चार दशकांत मोठ्या प्रमाणावर वाढला आहे. तालुक्याच्या गावाच्या कडेला, कालपर्यंत जेथे ज्वारी आणि तूर उभी होती, अशा शेतजमिनीवर भूखंड पाडून वसलेली ही लहान वसाहत होय. तिच्या नावापुढे 'नगर' किंवा 'कॉलनी' लागते, पण तिच्यात घरे पन्नास-शंभरच असतात. ती पूर्ण गाव नसते आणि पूर्ण शहरही नसते. लातूर जिल्ह्यातील अहमदपूरच्या आधारे अशा वसाहतीतील जीवनाचा परिचय करून देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अहमदपूरची ओळख

अहमदपूर हे बालाघाटच्या डोंगररांगेवर, नांदेड-लातूर मार्गाच्या साधारण मध्यावर वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. निजामाच्या हैदराबाद राज्यात हा तालुका बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निलंगा व उदगीर या तालुक्यांसह तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा अस्तित्वात आल्यावर लातूरमध्ये समाविष्ट झाला. एकाच घरातील आजोबांचे कागद बीदरचे, वडिलांचे उस्मानाबादचे आणि मुलाचे लातूरचे, असे येथे सहज घडू शकते. गावाला रेल्वे नाही. एसटीचे आगार आणि तुळजापूर-लातूर-नांदेड-बुटीबोरी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ यांवर येथील दळणवळण अवलंबून आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार लातूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेचोवीस लाख होती आणि त्यांपैकी जेमतेम एक चतुर्थांश लोक शहरी भागात राहत होते. त्याच वेळी संपूर्ण राज्यात हे प्रमाण ४५ टक्क्यांहून अधिक होते. अशा जिल्ह्यात खेड्यातून निघालेल्या कुटुंबाचा पहिला मुक्काम बहुधा तालुक्याच्या गावीच पडतो. मुलांची शाळा, महाविद्यालय, दवाखाना, बाजार समिती, तहसील कचेरी आणि एसटी ही त्यामागील कारणे आहेत. शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, एसटीचे कर्मचारी, निवृत्त सैनिक आणि शेती वाट्याने देऊन आलेले शेतकरी अशी मंडळी येथे एकत्र येतात. त्यांना जुन्या गावठाणात जागा मिळत नाही. म्हणून ती गावाच्या कडेला घर बांधतात.

वसाहत कशी उभी राहते

मराठवाड्यात जमिनीचा व्यवहार गुंठ्यात बोलला जातो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. रीतसर मार्गाने गेल्यास शेतजमिनीचा अकृषिक वापर मंजूर होतो, रेखांकनाचा नकाशा संमत होतो, रस्ते व खुली जागा राखली जाते आणि मग भूखंडांची विक्री होते. परंतु अनेक ठिकाणी हा क्रम पाळला गेलेला नसतो. शेताचे तुकडे थेट गुंठ्यागणिक विकले जातात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे अशा लहान तुकड्यांच्या खरेदीखताची नोंदणी अडत असे, म्हणून शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून दिलेल्या कागदावरच कित्येकांनी घरे बांधली.

अशा वस्त्या नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी कायदा केला. प्रारंभी त्याचा लाभ १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वस्त्यांनाच होता. २०२१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. तथापि नियमित होणे म्हणजे केवळ शुल्क भरून प्रमाणपत्र मिळविणे होय. सुरुवातीलाच जो रस्ता आठ-दहा फुटांचा सोडला गेला, तो प्रमाणपत्राने रुंद होत नाही. आजारी माणसाला नेण्यासाठी आलेली रुग्णवाहिका ज्या कोपऱ्यावर वळू शकत नाही, तो कोपरा तसाच राहतो.

घर आणि शेजार

जुन्या गावातील घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचे माळवद असलेली असत. उन्हाळ्यात ती थंड राहत आणि एकमेकांना लागून असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे अशाच घरांच्या ढिगाऱ्याखाली दगावली. त्यानंतर या भागात माळवदाची भीती बसली आणि स्लॅबचे घर ही सुरक्षिततेची खूण झाली. वसाहतीतील घर म्हणूनच विटांचे, सुटे आणि कुंपणभिंतीच्या आत असते. पण काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. पाया मुरमापर्यंत खोल नेला नाही, तर भिंतींना भेगा पडतात, हा अनुभव येथील गवंडी आवर्जून सांगतात.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यांतील अनेक गावांची रचना शहरी वसाहतीसारखी, सरळ रांगांची आणि रुंद रस्त्यांची होती. घरे भक्कम मिळाली, परंतु पूर्वी एका गल्लीत राहणारी कुटुंबे दूरदूर विखुरली गेली आणि जनावरे, कडबा, शेतीची अवजारे यांना जागा उरली नाही, अशी तक्रार पुढे अनेक वर्षे होत राहिली. जे तेथे आपत्तीमुळे घडले, तेच तालुक्याच्या कडेच्या वसाहतीत स्वेच्छेने घडते. घर मिळते, पण गल्ली मागे राहते.

गावातील शेजार जन्माने मिळतो. तेथे भावकी असते, सोयरीक असते, तीन पिढ्यांची ओळख असते आणि तितकेच जुने तंटेही असतात. वसाहतीत शेजारी कोण येईल, हे भूखंडाच्या सौद्यावर ठरते. एका बाजूला लिंगायत कुटुंब, दुसऱ्या बाजूला मुस्लीम शिक्षक, समोर बौद्ध परिचारिका आणि कोपऱ्यावर मराठा शेतकरी, असा शेजार गावठाणात क्वचितच दिसतो. येथे जातीच्या जुन्या आळ्या काही अंशी मोडतात, ही वसाहतीची मोठी जमेची बाजू होय. ज्या ख्रिस्ती कुटुंबाला आसपास स्वधर्मीयांचे दुसरे घर नसते, त्याच्यासाठी तर हा शेजारच पहिला आधार असतो. मात्र ती जवळीक आपोआप होत नाही. दुपारी दारे बंद असतात, नोकरदार सकाळी जातात आणि भाडेकरू वर्ष-दोन वर्षांत बदलतात.

पाणी

मराठवाड्यात वसाहतीची खरी परीक्षा पाण्याने होते. बालाघाटच्या पठारावर पाया खडकाचा असल्याने बोअरला पाणी लागेलच याची खात्री नसते. एकाच्या अंगणात भरपूर पाणी, तर चाळीस फुटांवर कोरडा फुफाटा, असे दृश्य नित्याचे आहे. अहमदपूरच्या पाणीयोजनेस नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातील लिंबोटी धरणाचा आधार आहे. परंतु धरणात पाणी असणे आणि वसाहतीतील नळाला पाणी येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जलवाहिनी प्रथम जुन्या गावात पोहोचते, कडेच्या वस्तीला ती सर्वांत शेवटी मिळते.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिल रोजी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या काळात पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून लातुरात जमावबंदीही लागू करण्यात आली होती. टंचाईत शेजार तुटतो, तसा जुळतोही. ज्याच्या बोअरला पाणी आहे त्याने ठरावीक वेळी नळी बाहेर काढणे, वीजबिलाचा वाटा सर्वांनी उचलणे, टँकर आल्यावर वृद्ध व बाळंतिणीच्या घराचे भांडे आधी भरणे, हे नियम कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाहीत. ते जेथे पाळले जातात, ती वसाहत उन्हाळा काढते.

कारभार कोणाचा?

कडेच्या वसाहतीचा कारभार अनेकदा संदिग्ध असतो. काही घरे नगरपरिषदेच्या हद्दीत, तर काही लगतच्या ग्रामपंचायतीत येतात. ग्रामपंचायतीत ग्रामसभा असते आणि कोणत्याही मतदाराला तेथे उभे राहून प्रश्न विचारता येतो. नगरपरिषदेत नागरिकाला मुख्यतः नगरसेवकामार्फतच बोलावे लागते. राज्यातील अनेक नगरपरिषदांचा कारभार २०२१-२२ नंतर काही वर्षे प्रशासकांकडे होता आणि त्यांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. त्या मधल्या काळात गटार तुंबले तर कोणाकडे जावे, हा प्रश्न वसाहतींना विशेष जाणवला.

मंजूर रेखांकनातील रस्ते व खुली जागा यांविषयीही जागरूकता हवी. राज्याच्या नियमांनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात साधारणतः दहा टक्के क्षेत्र खुले ठेवावे लागते. ही जागा मुलांच्या खेळासाठी, झाडांसाठी, म्हाताऱ्यांच्या संध्याकाळसाठी असते. पण तिची राखण कोणी केली नाही, तर प्रथम तेथे वाळूचा ढीग पडतो, मग पत्र्याचे शेड उभे राहते आणि काही वर्षांनी तो भूखंडच विकला गेल्याचे कळते. ज्या वसाहतीत ही जागा टिकली, तेथे सहसा कोणीतरी नकाशाची प्रत सांभाळून ठेवलेली असते आणि चार घरांनी मिळून तेथे वेळेवर लिंब किंवा पिंपळ लावलेला असतो.

येळवस : वसाहतीचा गावाशी दुवा

लातूर व धाराशिव परिसरात मार्गशीर्षाच्या अखेरीस वेळ अमावस्या येते. लोक तिला 'येळवस' म्हणतात. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुटी दिली जाते. कडब्याच्या खोपीत पूजा होते आणि हिरव्या पिकात बसून भज्जी, उंडे, आंबील व खीर यांचे जेवण होते. शहरे त्या दिवशी ओस पडतात. वसाहतीतील ज्यांना शेत आहे ते आपल्या गावी जातात आणि जाताना शेत नसलेल्या शेजाऱ्याला सोबत नेतात. परगावाहून बदलून आलेल्या कुटुंबाला "यंदा आमच्या शेतावर या" असे बोलावणे आले, की आपण येथे रुजलो, असे त्याला वाटू लागते. नाताळच्या फराळाचे ताट, ईदचा शीरखुर्मा आणि संक्रांतीचा तिळगूळ यांची देवाणघेवाणही याच वाटेने होते.

घर घेण्यापूर्वी

अशा वसाहतीत घर किंवा भूखंड घेऊ इच्छिणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात. सातबारा उतारा आणि अकृषिक परवानगी तपासावी. मंजूर रेखांकनाची प्रत मागावी आणि नकाशातील रस्ता प्रत्यक्ष जागेवर मोजून घ्यावा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा असून त्याने मालकी सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवावे. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या भूखंड प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आवश्यक आहे काय, याची चौकशी करावी. एप्रिल-मे महिन्यात पाणी कोठून येते आणि पावसाळ्यात रस्त्यावर चिखल किती होतो, हे तेथे राहणाऱ्यांनाच विचारावे. नुसते कागद पाहून परतू नये. दोन घरी बसून चहा घ्यावा.

तालुक्याच्या कडेची वसाहत ही एका पिढीने गावाकडून शहराकडे टाकलेले पाऊल आहे. त्या पावलाखाली रस्ता, पाणी आणि कागद पक्के असणे ही शासनाची व विकासकाची जबाबदारी होय. शेजार मात्र कोणी बांधून देत नाही. तो तेथे राहणाऱ्या पन्नास-शंभर घरांनीच घडवावा लागतो, आणि उन्हाळ्यात नळी कोणाच्या दारापर्यंत पोहोचली यावरून तो घडला की नाही हे कळते. आपल्या परिचयात अशा वसाहतीत नव्याने राहावयास आलेले कुटुंब असेल, तर येत्या येळवसेला किंवा नाताळला त्यांना आवर्जून घरी बोलवावे.