कुडाची कुळकथा

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवरची कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. फुलली की मरते, वाळते आणि तिथून पुढे तिची खरी नोकरी सुरू होते. बोटाएवढ्या जाडीच्या त्या सरळ, हलक्या काठ्या मोळ्या बांधून पाड्यावर आणतात, पुरलेल्या खांबांच्या मध्ये एकमेकींना खेटून उभ्या करतात, आडव्या कामट्यांनी आवळतात आणि आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपतात. मातीत भाताचा तूस किंवा बारीक पेंढा घातला, की वाळताना भेगा कमी पडतात. झाला कूड. पालघर, डहाणू, विक्रमगड, तलासरी या तालुक्यांत वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी यांच्या कित्येक पिढ्या अशा कुडाच्या आड वाढल्या.

कुडाला भिंत म्हणण्याची पद्धत आहे, पण तो भिंतीचं मुख्य काम करतच नाही. विटांची किंवा दगडांची भिंत छप्पर पेलते; ती पडली की घर पडतं. कुडाच्या घरात आढं आणि वासे उभे असतात मेढींवर, म्हणजे वर बेचकं असलेल्या खांबांवर. कूड फक्त वारा, पाऊस, गुरं आणि शेजाऱ्यांची नजर अडवतो. वाळवी लागली तर तेवढाच तुकडा काढून नवा घालायचा, घर वाढवायचं तर एक बाजू सोडवून पुढं न्यायची. छपराखाली वर थोडी फट राहिली तर चुलीचा धूर तिथून निघून जातो. या सगळ्याला लागणारी अवजारं म्हणजे कोयता आणि दोन हात.

जनगणनेच्या तक्त्यात अशा घराची भिंत गवत-बांबू नाहीतर मातीच्या रकान्यात जाते आणि घराला शिक्का बसतो ‘कच्चं’ म्हणून. टिकाऊपणाच्या हिशेबात ते ठीकच आहे. पण तंत्र म्हणून पाहिलं, तर पक्क्या विटेपेक्षा या कच्च्याचा वंश कितीतरी जुना निघतो.

पंचाईत पुराव्याची आहे. लाकूड कुजतं, माती मातीत मिसळते. मागं उरतात ती खांबांची भोकं: कुजलेल्या लाकडाच्या जागी वेगळ्या रंगाची माती भरते आणि उत्खननात जमीन खरवडली की गोल डागांची रांग दिसू लागते. दुसरा साक्षीदार आग. घराला आग लागली तर लिंपणाची माती भाजून निघते आणि तिच्यात वेताचे, बांबूचे, गवताचे ठसे कायमचे उमटतात. ज्या कुटुंबाचं घर नीट उभं राहिलं, त्याचा पत्ता पुसला गेला. ज्याचं जळलं, त्याचा राहिला.

इस्राएलमधल्या गॅलिली सरोवराची पातळी १९८९ साली खूप खाली गेली, तेव्हा काठाच्या चिखलात ओहालो नावाची वस्ती उघडी पडली. सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या तिथल्या फांद्यांच्या झोपड्या अशाच जळालेल्या होत्या आणि म्हणूनच वाचल्या. शेती तेव्हा दहा हजारांहून अधिक वर्षं दूर होती. मातीचं लिंपण हा पुढचा टप्पा, आणि तो भटकंती सोडून एका जागी राहू लागलेल्या माणसांनी जगात अनेक ठिकाणी गाठला. मध्य युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांची लांबच लांब घरं कुडाची होती. उत्तर प्रदेशात बेलन नदीकाठच्या महागढा इथं नवाश्मयुगीन झोपड्यांची खांबभोकं आणि बांबूचे ठसे असलेले मातीचे गोळे सापडले. शेजारच्या गोठ्यात तर गुरांच्या खुरांचे ठसेही होते.

महाराष्ट्रातला कुडाचा उत्तम दाखला घोड नदीकाठचा आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतली शंभराहून अधिक घरं तिथं उजेडात आली. जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या भरभराटीच्या काळात ती चौकोनी आणि ऐसपैस होती: खाली बुटकी मातीची भिंत, वर कूड आणि त्यावर उतरतं छप्पर. गावच्या प्रमुखाचं म्हणून ओळखलं गेलेलं पाच खोल्यांचं घर, त्याजवळचं धान्याचं कोठार, पाण्यासाठी खोदलेला पाट असा सगळा संसार त्यात आहे. दगावलेली लहान मुलं दोन रांजणांची तोंडं एकमेकांना जोडून घराच्या जमिनीखालीच पुरलेली आढळली. इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास चित्र पालटतं. चौकोनी घरं जातात आणि लहान गोल झोपड्या येतात. ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी आणि उतरत्या परिस्थितीशी लावला. भांड्यांच्या नक्षीपेक्षा खांबांच्या भोकांनी गावाची आर्थिक स्थिती जास्त स्पष्ट सांगितली.

शाळेच्या पुस्तकातली प्राचीन संस्कृती मात्र विटेपासून सुरू होते. मोहेंजोदडोच्या विटांचं १:२:४ हे प्रमाण मुलांना पाठ असतं. ते कौतुक रास्तच आहे, पण वीट इतिहासात ठळक दिसते याचं निम्मं कारण ती कुजत नाही हे आहे. पहिल्या नगरांतले लोक स्वतः कुडाला विसरले नव्हते. सुमेर-बाबिलोनच्या प्रलयकथेत देवांनी माणसांना बुडवायचं ठरवलेलं असतं आणि ते गुपित फोडायला बंदी असते. एआ हा चतुर देव शपथ मोडत नाही; तो माणसाशी न बोलता त्याच्या घराच्या वेताच्या कुडाशी बोलतो. पलीकडचा उतनपिश्तिम ते ऐकतो आणि नौका बांधायला घेतो. भिंतीला कान असतात ते असे.

इजिप्तमध्ये सक्काऱ्याचा पायऱ्यांचा पिरॅमिड इसवी सनापूर्वी २६५० च्या सुमाराचा. तिथल्या शिल्पकारांनी वेताच्या जुड्यांचे खांब दगडात कोरले आणि भुयारातल्या दालनांत निळ्या चकचकीत फरशांनी चटईची वीण उठवली. मेलेल्या राजाला परलोकात घर हवं होतं ते बापजाद्यांचं, फक्त न कुजणारं. आपल्याकडे भाजे लेण्यातले आत कललेले खांबही लाकडी घराच्या सवयीतूनच आले आहेत. दगडाला कलण्याची काहीच गरज नव्हती.

पालघर जिल्ह्यातलं सर्वांत नामांकित प्राचीन बंदर सोपारा. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तिथलं एक टेकाड खणलं आणि आतून विटांचा बौद्ध स्तूप निघाला. पण तोवर गावकरी त्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत आले होते. विटांच्या एवढ्या मोठ्या ढिगाला लोकांनी मालक नेमला तो बांबूकाम करणारा!

रोममध्ये उलटा प्रकार. वास्तुशास्त्रावर ग्रंथ लिहिणाऱ्या व्हिट्रुव्हियसला कुडाच्या भिंती इतक्या आगलाव्या वाटत, की हा शोधच लागला नसता तर बरं, असं त्यानं म्हणून ठेवलं आहे. त्याच रोममध्ये रोम्युलसची झोपडी म्हणून एक कुडाचं खोपट पवित्र मानून पुन्हा पुन्हा दुरुस्त केलं जाई.

पालघरच्या कुडाला जगानं पाहिलं ते चित्रामुळे. वारली लग्नात घराच्या आतल्या कुडाला शेण आणि गेरूचा हात देऊन त्यावर तांदळाच्या पिठानं सवासिनी चौक लिहितात. काढत नाहीत, लिहितात. चौकात पालघट देवी असते. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही चित्रं कागदावर आणवली, पुढे डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागद किंवा कापड हाती आलं तरी मशे ते आधी शेणानं सारवून घेत. या चित्रांचं नातं भीमबेटकाच्या गुहाचित्रांशी जोडायची हौस अनेकांना असते. ते दावे आकृत्यांच्या साम्यावर उभे आहेत, कारण लिंपण बदललं की चित्रही जातं. चित्राखालच्या कुडाचा वंश मात्र ठशांनिशी, भोकांनिशी दाखवता येतो, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

खांबांनी भार घ्यायचा, मधल्या पडद्यानं फक्त आडोसा करायचा, हे कुडाचं तत्त्व आज बोईसरच्या प्रत्येक नव्या इमारतीत आहे. आरसीसीचे कॉलम उभे राहतात आणि विटा मागाहून भरतात. खुद्द आरसीसीच्या पूर्वजांमध्ये जोसेफ मोनिए हा फ्रेंच माळी आहे. त्यानं तारेच्या जाळीवर सिमेंट थापून झाडांच्या कुंड्या केल्या आणि १८६७ साली पेटंट घेतलं. जाळी आणि लिंपण! तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, त्याचं काँक्रीटही लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावरच ओतलेलं.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे छोटे-मोठे धक्के सुरू झाले आणि महिनोन्‌महिने चालू राहिले. काही तर चार रिश्टरच्या आसपासचे होते. लोक रात्री घराबाहेर, तंबूत झोपू लागले. अशा वेळी भीती वाटते ती जड भिंतीची. किल्लारीला १९९३ साली माणसं गाडली गेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाडजूड भिंतींखाली. कूड हलतो, लिंपणाचे पोपडे पडतात, पण बांधलेल्या काठ्या लवतात आणि डोक्यावर काही टनांचा ढिगारा येत नाही. पेरूमधल्या लिमा शहरानं १७४६ च्या भूकंपानंतर घरांच्या वरच्या मजल्यांसाठी वेत-मातीची ‘किंचा’ पद्धत धरली. आसामात १८९७ च्या महाभूकंपानंतर इकरा गवताच्या लिंपलेल्या भिंतींची घरं सरकारी बंगल्यांपर्यंत पोचली. तिथं त्यांना कुणी कच्चं म्हणालं नाही.

पालघरच्या पाड्यांवर आता घरकुल योजनेच्या विटा-सिमेंटच्या खोल्या वाढत आहेत, आणि त्यात चूक काही नाही. दर दोन-चार वर्षांनी काठ्या बदलण्याची आणि दर पावसाळ्यानंतर लिंपण्याची मेहनत बहुतेक बाईच्या वाट्याला येते, जंगलातून कारवी आणणंही पूर्वीसारखं सोपं नाही. तरी अनेक घरकुलांच्या मागच्या अंगाला एक पडवी निघते. तिच्यात चूल असते, कोंबड्या असतात, आणि तिला आडोसा कुडाचाच असतो.