खिडकीतली बाई

मुलुंडच्या रद्दीवाल्याकडे परवा ‘आवाज’चा जुना दिवाळी अंक मिळाला. घरी येऊन आधी खिडक्याच उघडल्या. (आपण ‘आवाज’ कथांसाठी घेतो, असं सांगणारे गृहस्थ मला ठाऊक आहेत.) वरच्या पानाला चौकोनी काप, त्यातून खालच्या पानावरचं काहीतरी गुळगुळीत, गुलाबी डोकावतं. वरची बाई भलत्याच अवस्थेत आहे असं वाटतं. पान उलटलं की तिथे कुणा काकांचं टक्कल!

मधुकर पाटकरांचा ‘आवाज’ १९५१पासूनचा. खिडकीतून बाई बघण्याचा विनोद मात्र फार जुना.

१७८२ साली लंडनमध्ये सर रिचर्ड वर्स्लीने कॅप्टन बिसेटवर बायको पळवल्याचा दावा लावला. मागणी वीस हजार पौंडांची. कोर्टात निघालं भलतंच. मेडस्टोनच्या स्नानगृहात लेडी वर्स्ली अंघोळ करत असताना या नवऱ्यानेच बिसेटला खांद्यावर चढवून खिडकीतून तिला दाखवलं होतं. ज्युरीने त्याच्या हातावर एक शिलिंग ठेवला. महिन्याच्या आत व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं चित्र बाजारात आलं: खाली टेकू दिलेला नवरा, वर कॅप्टन, आत उघडी बाई. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचं, हाताने रंगवायचं आणि दुकानाच्या काचेत टांगायचं, अशी त्या धंद्याची रीत. विकत घेणं परवडत नसे ते फुटपाथवरून बघत. म्हणजे खिडकीबाहेर आणखी एक खिडकी.

डेव्हनशायरच्या डचेसचं तर लफडंही नव्हतं. १७८४च्या निवडणुकीत ती उमेदवार फॉक्ससाठी मतं मागायला रस्त्यावर उतरली, एवढंच. मतासाठी खाटकाचा मुका घेतला अशी आवई उठली आणि व्यंगचित्रकार रोलंडसनने त्याचं चित्रच काढलं.

याच रोलंडसनने १८१६च्या ‘क्वी हाय’ या पुस्तकात आपल्या डोंगरीची रात्रही रंगवली. पुढे १८४१ला लंडनचा विनोदी साप्ताहिक ‘पंच’, १८५४ला मुंबईत ‘पारसी पंच’, आणि मग मुलुंडच्या पुढच्याच स्टेशनावर, ठाण्यात, फडक्यांचा ‘हिंदुपंच’. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०९ साली त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि ‘हिंदुपंच’ बंद पडला.

आपल्याकडे टिंगलीला डचेस कुठून आणणार? ती जागा शिकलेल्या बाईला मिळाली. नाटककार कानिटकरांची ‘तरुणी शिक्षण नाटिका’ ‘हिंदुपंच’च्याच काळातली. पुस्तक हातात घेतलं की बाई बिघडते, हा विनोद तिकीट लावून चालत असे. मला यापेक्षा ‘आवाज’ बरा वाटतो. त्याच्या खिडकीत फजिती बाईची होत नाही, डोकावणाऱ्याची होते. बिसेटच्या जागी आपणच खांद्यावर चढलेलो असतो.

माझ्या अंकातली एक खिडकी कुणीतरी सेलोटेप लावून बंद केली आहे. टेप पिवळी पडली आहे. नखाने कड सोडवून पाहिली, पण कागद फाटायला लागला.