इंडक्शन मोटर : संकेतांवरून दोषनिदान

चालू मोटर न उघडता, ती ओढत असलेला विद्युतप्रवाह आणि तिची कंपने तपासून आतला बिघाड ओळखण्याची पद्धत. कर्जत-खालापूर भागात विजेचा इतिहास जुना आहे. टाटांचे खोपोली जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली.  पंप असो, कॉम्प्रेसर असो वा कन्व्हेयर, या भागातल्या कारखान्यांत फिरणाऱ्या बहुतेक यंत्रांमागे इंडक्शन मोटरच असते.

मोटरीचा रोटर फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या किंचित मागे राहतो, ही स्लिप. ५० हर्ट्झवरची चार ध्रुवांची मोटर मिनिटाला १,५०० ऐवजी १,४७० फेरे घेत असेल, तर स्लिप २ टक्के. रोटरचा बार तुटला की प्रवाहाच्या वर्णपटात, म्हणजे वारंवारतेनुसार मांडलेल्या आलेखात, ५० हर्ट्झच्या मुख्य शिखराशेजारी, स्लिपच्या दुप्पट टक्क्यांच्या अंतरावर, म्हणजे ४८ आणि ५२ हर्ट्झला दोन छोटी शिखरे डोके वर काढतात. ती मुख्य शिखराच्या शंभराव्या हिश्शापर्यंत, म्हणजे ४० डेसिबल खाली इतकी वाढली, तर रोटरवर गंभीर संशय घ्यावा.

मोजताना मोटरीवर पुरेसा भार हवाच. रिकामी मोटर १,४९७ फेऱ्यांनी फिरत असेल, तर हीच शिखरे ४९.८ आणि ५०.२ ला येतात आणि मुख्य शिखराच्या पायथ्यात बुडून जातात. नोंदही किमान दहा सेकंदांची घ्यावी. एका सेकंदाच्या नोंदीत एका हर्ट्झहून जवळची शिखरे वेगळी दिसत नाहीत. प्रवाह मोजणारा क्लॅम्प एकाच वायरभोवती लावायचा. तिन्ही वायरी एकत्र पकडल्या तर बेरीज जवळजवळ शून्य येते. पिस्टनच्या कॉम्प्रेसरसारखा हेलकावणारा भारही अशीच शिखरे उमटवतो. तो न ओळखल्याने धडधाकट मोटर खोलली जाते, म्हणून यंत्राचा भार ठाऊक असल्याशिवाय निदान लिहू नये.

बेअरिंगसाठी कंपने अधिक बोलकी. जुने मिस्त्री पेचकसाचे टोक बेअरिंगच्या झाकणावर टेकवून मूठ कानाशी धरतात. तेही संकेत-विश्लेषणच, आणि ते हिणवण्यासारखे मुळीच नाही. ६२०५ क्रमांकाच्या, नऊ गोळ्यांच्या बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर खड्डा पडला, तर एका फेऱ्यात सुमारे ३.५८ ठोके बसतात. १,४७० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ८८. प्रत्येक ठोक्याने मोटरीचे आवरण काही हजार हर्ट्झने झणझणते. त्या झणझणाटाची बाह्यरेषा काढून तिचा वर्णपट घेतला की ८८ चे शिखर स्पष्ट दिसते.

१०० हर्ट्झचे कंपन वीज बंद करताच नाहीसे झाले, तर कारण विजेकडचे: असमान हवाफट किंवा स्टेटरचा दोष. रोटरच्या असंतुलनाचे कंपन मात्र मोटर थांबत जाते तसे हळूहळू ओसरते.

भोर घाटात कर्जत ते लोणावळा ३७ ला १ असा चढ आहे. तिथून जाणाऱ्या थ्री-फेज रेल्वे एंजिनांतही इंडक्शन मोटरी असतात. पण इन्व्हर्टर त्यांची वारंवारता सतत बदलत राहतो, त्यामुळे शिखरे एका जागी थांबत नाहीत. तिथे साध्या वर्णपटाऐवजी वेळ आणि वारंवारता एकत्र दाखवणारी वेव्हलेटसारखी पद्धत वापरावी लागते.