इताइ-इताइ रोग
जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या खोऱ्यात आढळलेला, कॅडमियम या जड धातूच्या दीर्घकालीन विषबाधेमुळे होणारा रोग. ‘इताइ’ म्हणजे जपानी भाषेत ‘दुखते’. रुग्णांच्या सततच्या कण्हण्यावरून हे नाव रूढ झाले.

जिंझूच्या वरच्या अंगास गिफू प्रांतात कामिओका ही जस्त व शिसे यांची जुनी खाण आहे. जस्ताच्या धातुकात कॅडमियम अल्प प्रमाणात असतेच. रशिया-जपान युद्धाच्या (१९०४-०५) सुमारास उत्पादन वाढले व धातुक बारीक दळून वेगळे करण्याची पद्धत आल्यावर उरलेला सूक्ष्म चोथा सांडपाण्याबरोबर नदीत जाऊ लागला. नदीचे पाणी पाटांनी भातखाचरांत येई. गाळातील कॅडमियम जमिनीत साठून भाताच्या दाण्यात उतरे. हेच पाणी पिण्यासही वापरीत. पिके खुरटल्याच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी फार जुन्या आहेत. माणसांच्या दुखण्याचा संबंध नदीशी जोडला जाण्यास मात्र अर्धशतक लागले.

रोगात प्रथम मूत्रपिंडातील सूक्ष्मनलिका निकामी होतात व शरीरातील फॉस्फेटादी द्रव्ये मूत्रावाटे निघून जातात. परिणामी हाडे मऊ पडतात. साध्या खोकल्यानेही बरगडी मोडे आणि काही रुग्णांची उंची सु. ३० सेंमी.पर्यंत घटली. पीडितांत रजोनिवृत्त व अनेक बाळंतपणे झालेल्या शेतकरी स्त्रिया बहुसंख्य होत्या. त्यामुळे अतिश्रम, कुपोषण आणि पूर्वजन्मीचे कर्म अशी कारणे सांगितली गेली. स्थानिक वैद्य नोबोरू हागिनो यांनी १९५५ मध्ये हा रोग वैद्यकीय परिषदेपुढे मांडला. पुढे कृषितज्ज्ञ किनइची योशिओका यांना रोगग्रस्त गावे व पिकांची हानी झालेले क्षेत्र एकच असल्याचे आढळले, तर ओकायामा विद्यापीठातील जून कोबायाशी यांनी रासायनिक पृथक्करण केले. १९६१ मध्ये हागिनो व योशिओका यांनी कॅडमियम हेच कारण असल्याचे जाहीर केले. हागिनो यांची त्या वेळी बरीच उपेक्षा झाली.

मार्च १९६८ मध्ये रुग्णांनी व मृतांच्या वारसांनी मित्सुइ खाण व धातुकर्म कंपनीविरुद्ध तोयामा जिल्हा न्यायालयात दावा लावला. त्याच वर्षी ८ मे रोजी आरोग्य व कल्याण मंत्रालयाने हा रोग कॅडमियमजन्य असल्याचे मान्य केले. प्रदूषणजन्य म्हणून शासनमान्य झालेला जपानमधील हा पहिला रोग होय. जपानी खाण कायद्यानुसार हानी सिद्ध झाल्यास खाणमालकाचा दोष वेगळा दाखवावा लागत नाही. म्हणून सारा वाद कार्यकारणभावावर केंद्रित झाला. कॅडमियम शरीरात नेमके कसे कार्य करते याचा पायरीवार पुरावा कंपनी मागत राहिली. रोगप्रसाराच्या सांख्यिकीय अभ्यासाचा पुरावा पुरेसा आहे, असे मानून न्यायालयाने ३० जून १९७१ रोजी वादींच्या बाजूने निकाल दिला. ९ ऑगस्ट १९७२ रोजी नागोया उच्च न्यायालयाच्या कानाझावा शाखेने कंपनीचे अपील फेटाळले.

रोख भरपाईहून महत्त्वाचे ठरले ते त्यानंतरचे करार. दूषित शेतजमिनींची सुधारणा आणि रहिवाशांना, त्यांनी निवडलेल्या शास्त्रज्ञांसह, कारखान्याची पाहणी करण्याचा हक्क त्यांत मान्य झाला. तेव्हापासून ही पाहणी दरवर्षी होत आली आहे. सु. ८६० हेक्टर खाचरांतील माती पालटण्याचे काम २०१२ मध्ये पुरे झाले. अधिकृत मान्यता मिळालेल्या रुग्णांची संख्या सु. २०० असली, तरी मान्यतेपूर्वी मरण पावलेल्यांची त्यात गणती नाही. कामिओकातील खाणकाम २००१ मध्ये थांबले. तेथील भूगर्भात आता न्यूट्रिनो वेधशाळा आहे.