फुटबॉलच्या मैदानावर हुल्लडबाजी: ईर्ष्या खेळात ठेवायची कशी? कोल्हापूर ते कोलकाता, काय घडलं आणि काय करता येतं

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की दुपारी छत्रपती शाहू स्टेडियमकडं जाणारे रस्ते गर्दीनं भरून जातात. डोक्याला संघाच्या रंगाची पट्टी, हातात झेंडा, तोंडात तालमीचं नाव. ग्रामीण भागातूनही पोरं मोटारसायकलवर येतात. पण दोन तगडे पारंपरिक संघ समोरासमोर आले की पोलिसांच्या गाड्याही तेवढ्याच येतात. कारण अशा सामन्यात गोल कोण करणार याइतकीच चर्चा ‘आज काय राडा होणार का?’ याचीही असते.

गेल्या काही वर्षांत या मैदानावर बाटल्या फेकणं, दगडफेक, शिवीगाळ, समर्थकांची हाणामारी असे प्रकार वेळोवेळी घडले. सामने थांबले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, गुन्हे दाखल झाले. प्रत्येक वेळी ‘फुटबॉलच बंद करा’ अशी मागणीही झाली. पण मूठभरांच्या दंग्यासाठी सगळ्यांचा खेळ बंद करणं हा उपाय आहे का? ज्या ठिकाणी हा प्रश्न याहून मोठा होता, तिथं काय केलं गेलं, कायदा काय म्हणतो आणि मंडळांनी काय करावं, याची ही माहिती.

डर्बी म्हणजे काय?

एकाच शहरातल्या किंवा एकाच भागातल्या दोन पारंपरिक प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्याला फुटबॉलमध्ये ‘डर्बी’ म्हणतात. कोलकात्यात मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, अर्जेंटिनात बोका ज्युनियर्स विरुद्ध रिव्हर प्लेट ही त्याची गाजलेली उदाहरणं. अशा सामन्यात गुण दोन्हीकडं सारखेच मिळतात, पण हरलेल्याला दुसऱ्या दिवशी त्याच चौकातून, त्याच चहाच्या टपरीवरून जायचं असतं. त्यामुळं हार जास्त झोंबते.

कोल्हापुरातच एवढी ईर्ष्या का?

मुंबईत एकेकाळचे मोठे संघ कंपन्यांचे होते. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा अशी त्यांची नावं. कुलाब्यातल्या कूपरेज मैदानावर सामना बघायला वडाळा, परळ, लालबागहून माणसं जात, पण संघ कचेरीचा किंवा गिरणीचा असे. तो एखाद्या गल्लीचा नसे.

कोल्हापूरचं तसं नाही. इथला संघ तालमीचा, तालीम पेठेची आणि पेठ घराघराची. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कुस्तीसाठी तालमींना बळ मिळालं. पुढं त्याच तालमींनी फुटबॉल उचलला. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं कोल्हापूरकरांना सांगावी लागत नाहीत. सामने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, भरवते. आधी शाहू छत्रपती लीग आणि मग वेगवेगळ्या चषकांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा होतात.

गणपतीची मिरवणूक त्याच मंडळाची, रक्तदान शिबिर त्याच मंडळाचं आणि फुटबॉलचा संघही त्याच मंडळाचा. म्हणून संघ हरला की पेठ हरल्यासारखं वाटतं. ही कोल्हापूरच्या फुटबॉलची ताकद आहे. पदरमोड करून संघ चालवणारी माणसं याच आपलेपणातून तयार झाली. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. पण हाच आपलेपणा बिघडला की दगड उचलला जातो.

भांडण सुरू कुठं होतं?

बहुतेक वेळा दगड मैदानावर पडतो, पण ठिणगी आधीच पडलेली असते. साधारण क्रम असा दिसतो:

- सामन्याआधी दोन-चार दिवस मोबाईलवर डिवचणारे स्टेटस, रील्स, जुन्या पराभवाचे फोटो.
- सामन्याच्या दिवशी समोरच्या पेठेतून मुद्दाम काढलेली रॅली, सायलेन्सर काढलेल्या गाड्या.
- मैदानात पंचाचा एखादा निर्णय, त्यावर खेळाडूंनी पंचाला घेरणं.
- गोल झाल्यावर समोरच्या गॅलरीकडं बघून केलेले हातवारे.
- सामना संपल्यावर दोन्ही समर्थक एकाच वेळी, एकाच रस्त्यावर बाहेर पडणं.

यातल्या प्रत्येक पायरीवर भांडण थांबवता येतं. शेवटच्या पायरीवर मात्र लाठीशिवाय काही उरत नाही, आणि लाठी कोण दोषी, कोण निर्दोष हे बघत नाही.

कोलकात्यात १६ जणांचा जीव गेला

१६ ऑगस्ट १९८०. ईडन गार्डन्सवर मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल हा कोलकाता लीगचा सामना होता. मैदानात खेळाडूंत झटापट झाली आणि त्याचे पडसाद गॅलरीत उमटले. दोन्ही संघांचे समर्थक मिसळून बसले होते. हाणामारी झाली, मग पळापळ आणि चेंगराचेंगरी. १६ फुटबॉलप्रेमी घरी परतलेच नाहीत. बंगालमध्ये आजही १६ ऑगस्ट हा फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी रक्तदान केलं जातं.

त्यानंतरही सगळं सुरळीत झालं असं नाही. ९ डिसेंबर २०१२ रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर याच दोन संघांच्या सामन्यात गॅलरीतून आलेला दगड मोहन बागानचा खेळाडू रहीम नबी याच्या तोंडावर बसला. मोहन बागाननं दुसऱ्या सत्रात खेळायला नकार दिला. त्याची मोठी शिक्षा क्लबला झाली. आधी बंदी, ती उठल्यावर २ कोटी रुपयांचा दंड आणि तोवर मिळवलेल्या गुणांवर पाणी.

पण याच शहरानं दुसरी बाजूही दाखवली. १८ ऑगस्ट २०२४ रोजी ड्युरँड कपमधला या दोन संघांचा सामना बंदोबस्ताच्या कारणावरून रद्द झाला. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनं तेव्हा कोलकाता पेटलं होतं. त्या दिवशी दोन्ही संघांचे समर्थक आपापले झेंडे घेऊन स्टेडियमबाहेर जमले आणि तिला न्याय मिळावा म्हणून एकत्र घोषणा दिल्या. ईर्ष्या असली म्हणजे वैर असलंच पाहिजे असं नाही, हे त्या दिवशी दिसलं.

उपाय चुकला तर काय होतं?

१ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियात कांजुरुहान स्टेडियमवर अरेमा विरुद्ध पर्सेबाया हा पूर्व जावातला डर्बी सामना झाला. भांडण नको म्हणून पाहुण्या संघाच्या समर्थकांना प्रवेशच नव्हता. घरचा संघ ३-२ असा हरला, काही प्रेक्षक मैदानात उतरले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तो गॅलरीतही गेला. लोक अरुंद दरवाजांकडं धावले आणि तिथंच चेंगरले. १३५ जणांचा मृत्यू झाला.

तिथं समोरचे समर्थक नव्हतेच, तरी एवढी माणसं गेली. फिफाच्या सुरक्षा नियमांत मैदानालगतच्या बंदोबस्तात अश्रुधूर वापरू नये असं म्हटलेलं आहे. दोन गट वेगळे बसवणं गरजेचं आहेच, पण बाहेर पडायचे दरवाजे उघडे असणं आणि गर्दी जागेएवढीच आत घेणं त्याहून गरजेचं आहे.

बाकी जगानं काय केलं?

इंग्लंड: सगळ्यांना शिक्षा न करता दोषी माणूस बाजूला काढला. १९८९ च्या कायद्यानुसार फुटबॉलच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला न्यायालय ३ ते १० वर्षं मैदानबंदी करू शकतं. देशाच्या संघाचा परदेशात सामना असेल तर त्याला पासपोर्टही जमा करावा लागतो. संघ खेळत राहतो, बाकीचे बघतात. दगड मारणारा घरी बसतो.

तुर्कस्तान: फेनरबाचे क्लबचे समर्थक मैदानात घुसले म्हणून क्लबला रिकाम्या स्टेडियममध्ये खेळायची शिक्षा झाली. मग नियम बदलला. स्टेडियम रिकामं ठेवण्याऐवजी फक्त महिला आणि १२ वर्षांखालच्या मुलांना मोफत प्रवेश दिला. २० सप्टेंबर २०११ च्या त्या सामन्याला ४१ हजारांहून जास्त महिला आणि मुलं आली. आवाज तेवढाच होता, राडा मात्र झाला नाही.

अर्जेंटिना: कोल्हापूरच्या गल्लीगल्लीत ज्या देशाचे झेंडे लागतात, तिथलाच हा किस्सा. २४ नोव्हेंबर २०१८ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीआधी रिव्हर प्लेटच्या समर्थकांनी बोका ज्युनियर्सच्या बसवर दगड मारले. काचा फुटून खेळाडू जखमी झाले. शेवटी ९ डिसेंबरला हा सामना समुद्रापार स्पेनमध्ये माद्रिदला झाला. रिव्हर जिंकला, पण स्वतःच्या मैदानावर तो क्षण बघायचं तिथल्या हजारो लोकांच्या नशिबी आलं नाही.

कायदा काय सांगतो?

‘मी दगड मारलाच नाही, नुसता उभा होतो’ असं बरीच पोरं म्हणतात. कायदा एवढ्यावर सोडत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार:

- कलम १८९: गैर उद्देशानं जमलेला पाच किंवा जास्त जणांचा जमाव हा बेकायदेशीर जमाव.
- कलम १९०: अशा जमावातल्या एकानं सगळ्यांच्या समान उद्देशासाठी गुन्हा केला, तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक जण जबाबदार.
- कलम १९१: दंगल केल्यास २ वर्षांपर्यंत, जीवघेणं हत्यार असल्यास ५ वर्षांपर्यंत कैद.
- कलम १३२: ड्युटीवरच्या पोलिसाच्या अंगावर गेल्यास २ वर्षांपर्यंत कैद.

सरकारी मालमत्तेची तोडफोड केली तर १९८४ चा वेगळा कायदा लागतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली बंदी आदेश असेल तर दगड गोळा करणं किंवा जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरतो. आधीपासून कुरापती करणाऱ्याकडून शांतता राखण्याचा बाँड लिहून घेता येतो. १८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडं जातं.

खरा फटका पुढं बसतो. पोलीस भरती, सैन्य, सरकारी नोकरी, सगळीकडं चारित्र्य पडताळणी होते. दाखल गुन्हा अर्जात सांगावा लागतो, लपवला तर निवड रद्द होऊ शकते. पासपोर्टलाही अडचण येते. पहाटे उठून भरतीसाठी पळणाऱ्या पोराची दोन-तीन वर्षांची मेहनत पाच मिनिटांच्या राड्यात वाया जाते. आणि हल्ली मैदानातल्या प्रत्येक हातात मोबाईल असतो. कोणी दगड मारला याचा व्हिडिओ पोलिसांना शोधत बसावा लागत नाही.

कुणी काय करावं?

आयोजकांनी: जागेएवढीच तिकिटं काढावीत. दोन्ही समर्थकांना वेगळ्या गॅलऱ्या, वेगळे दरवाजे द्यावेत, मध्ये मोकळी जागा सोडावी. सामना संपल्यावर एका गटाला आधी सोडावं, दुसऱ्याला पंधरा-वीस मिनिटांनी. बाहेर पडायचे दरवाजे सामना चालू असताना कुलूपबंद नकोत. आत काचेच्या बाटल्या, फटाके नकोत. मैदानाभोवती पडलेले दगड-विटा आदल्या दिवशीच उचलाव्यात.

तालमींनी आणि मंडळांनी: समर्थकांत आपलीच वीस-पंचवीस जाणती माणसं स्वयंसेवक म्हणून उभी करावीत. पोलिसाच्या शिट्टीपेक्षा ‘ए, खाली बस’ म्हणणाऱ्या गल्लीतल्या काकांचा धाक जास्त चालतो. राडा करणारा सापडला तर त्याला मंडळानंच हंगामभर बाहेर ठेवावं. ‘आपला पोरगा आहे, सांभाळून घ्या’ ही शिफारस घेऊन पोलीस ठाण्यात जाणं पहिल्यांदा बंद व्हायला हवं.

खेळाडूंनी: पंचाशी फक्त कर्णधारानं बोलावं. गोल झाल्यावर समोरच्या गॅलरीला डिवचू नये. सामना संपल्यावर हात मिळवावेत, तोही गॅलरीला दिसेल असा.

पंचांनी: बाहेरून गडबड झाली तर सामना थांबवायचा, तहकूब करायचा किंवा रद्द करायचा अधिकार नियमानंच पंचाला दिलेला आहे. तो वेळेवर वापरावा.

प्रेक्षकांनी: भांडण दिसलं की शूटिंग करत पुढं जाऊ नये, मागं सरकावं. लहान मुलं सोबत असतील तर दरवाजा कुठं आहे हे आधीच बघून ठेवावं. डिवचणारं स्टेटस पुढं पाठवू नये. अडचण आली तर ११२ ला फोन करावा.

गावच्या स्पर्धांनाही हेच लागू

हा प्रश्न फक्त शहराचा नाही. गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावी दिवाळीत फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धा होतात, बाहेरगावचे संघ येतात. गावोगावी यात्रेला कबड्डी, क्रिकेट, कुस्तीची मैदानं भरतात. तिथं गॅलरी नसते, दोरी असते. पोलीस पाटील आणि दोन होमगार्ड एवढाच बंदोबस्त. म्हणून आधी पोलीस ठाण्याला लेखी कळवणं, दोन्ही गावच्या जाणत्यांची बैठक घेणं, पंच त्रयस्थ गावचा ठेवणं, अंधार पडायच्या आत अंतिम सामना संपवणं आणि रुग्णवाहिकेचा नंबर हाताशी ठेवणं, एवढं तरी व्हायलाच हवं.

हंगाम बंद पडला तर राडा करणाऱ्याचं काही जात नाही. तो दुसरीकडं जाऊन बसतो. नुकसान होतं ते सकाळी सरावाला येणाऱ्या पोरांचं, कारण त्यांचं वय थांबत नाही. एक हंगाम गेला की निवड चाचणीची एक संधी गेली. म्हणून दगड मारणाऱ्या माणसावर बंदी घालावी आणि बाकीच्यांचा खेळ चालू ठेवावा. ते पोलिसांपेक्षा तालमीच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांच्या हातात जास्त आहे.