पाय वाचविण्याची विद्या



सायकलच्या चाकात मुलाची टाच सापडते, मळणीयंत्रात पाऊल जाते, ट्रकचे चाक पायावरून जाते. कातडी फाटून हाड उघडे पडलेले पाहिले की घरच्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : पाय राहील की कापावा लागेल? आज अनेकदा तो राहतो. पण ही विद्या एका दिवसात हाती आलेली नाही.

हाड आतल्या आत मोडले तर बहुधा सांधते. कातडी फाटली की मात्र माती व जंतू आत शिरतात. त्यातून पावलावर मांस थोडे आणि कातडी हाडाला लागून. जखम झाकायला जवळपास काही नसते. म्हणून पावलाची उघडी जखम फार अवघड.

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील कुर्तुबा शहराजवळ अबुल कासिम अल-जहरावी हे थोर शल्यवैद्य होऊन गेले. त्यांच्या ‘अत्-तसरीफ’ या ३० भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर असून त्यात अवजारांची चित्रेही आहेत. हाड मोडून वर जखमही झाली असेल, तर पट्टी बांधताना जखमेची जागा मोकळी ठेवावी, असे ते सांगतात. म्हणजे घाण आत कोंडत नाही. बाराव्या शतकात हा भाग लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातील वैद्य तो पुढे कित्येक शतके अभ्यासत राहिले.

त्या परंपरेतील फ्रेंच शल्यवैद्य आंब्रुआझ पारे यांच्यावर १५६१ साली स्वतःच प्रसंग ओढवला. घोड्याच्या लाथेने त्यांच्या डाव्या पायाची दोन्ही हाडे मोडून कातडीबाहेर आली. त्या काळी असा पाय कापण्याकडेच कल असे. पारे यांनी तो कापू दिला नाही, आणि पुढे ते त्याच पायावर चालू लागले.

तरीही पुढची तीनशे वर्षे शेकडो रुग्ण जखम सडून दगावत राहिले. मग १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रुग्णालयात ११ वर्षांचा जेम्स ग्रीनलीज आला. गाडीचे चाक जाऊन त्याच्या डाव्या पायाचे हाड मोडले होते व वर जखम होती. जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात भिजविलेली पट्टी जखमेवर ठेवली. चार दिवसांनी पट्टी सोडली तर पू नाही! सुमारे सहा आठवड्यांत मुलगा बरा झाला. लिस्टर यांच्याकडे अवयव कापलेल्या ३५ रुग्णांपैकी पूर्वी १६ दगावले होते; नव्या पद्धतीनंतर ४० पैकी ६.

पुढचे पाऊल स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६–३९) पडले. बार्सिलोनाचे होसेप त्रुएता मेलेले मांस काढून टाकीत, जखम न शिवता स्वच्छ जाळीच्या कापडाने भरीत आणि वर प्लास्टर घालीत. उघड्या अस्थिभंगाच्या १०७३ रुग्णांपैकी फक्त ६ दगावल्याची त्यांची नोंद आहे.

आजचे डॉक्टरही हेच करतात : लवकर प्रतिजैविक, भरपूर धुणे, मेलेला भाग काढणे, सळ्यांनी हाड स्थिर करणे, आणि मग दुसरीकडची कातडी किंवा मांस आणून जखम झाकणे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तर जखम धुण्यास साबणापेक्षा साधे सलाइन सरस ठरले. मात्र रक्तपुरवठाच तुटला असेल, तर जीव वाचविण्यासाठी पाय कापावाही लागतो. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला टाळू नये.

तेव्हा पालकहो, घरात असा प्रसंग आला तर जखमेवर हळद, राख, चहाची पूड किंवा शेण लावू नका. बाहेर आलेले हाड आत ढकलू नका. स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवा, पायाला पुठ्ठ्याचा किंवा फळीचा आधार बांधा आणि थेट रुग्णालय गाठा. धनुर्वाताच्या सुईबद्दल आठवणीने विचारा. डॉक्टरांनी जखम लगेच शिवली नाही म्हणून रागावू नका. त्या उघड्या ठेवण्यातच शहाणपण असते.

आणि विद्यार्थी मित्रहो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. अरबीतून लॅटिनमध्ये, कुर्तुब्याहून पॅरिस, ग्लासगो आणि बार्सिलोनापर्यंत ज्याने त्याने आपली भर घातली, तेव्हा आज एखाद्या मुलाचा पाय वाचतो. पुढची भर घालण्यासाठी अभ्यास करा.